सावतोबांचा मळा आणि गच्चीवरील कुंडी

वारकऱ्याच्या घरी दुसरे काही नसेल, एक वेळ देव्हाराही भिंतीतल्या कोनाड्याएवढाच असेल. पण तुळस नाही असे सहसा होत नाही. अंगण असले तर वृंदावन असते, अंगण नसले तर कुंडी असते आणि कुंडीला पैसा नसला तर तेलाचा रिकामा डबा असतो. आषाढाच्या वाटेवर आमच्या मायबहिणी हीच तुळस डोक्यावर घेऊन पंढरीपर्यंत चालतात. तेव्हा भांड्यात माती घालून तीत रोप जगवावे ही विद्या वारकऱ्यास परकी नाही. त्या तुळशीच्या शेजारी आणखी एक-दोन भांडी ठेवून भाजीपाला कसा लावावा, एवढ्यापुरतेच आज आम्ही लिहिणार आहो. विषय प्रपंचाचा वाटेल. पण ज्या संप्रदायात सावतोबा माळी होऊन गेले, त्या संप्रदायात भाजीचा वाफा परमार्थाच्या कुंपणाबाहेर कसा घालावा?

सावतोबा हे सोलापूर जिल्ह्यातील, माढे तालुक्यातील अरण गावचे. शके ११७२ ते १२१७ हा त्यांचा काळ मानतात. इंग्रजी सनाने १२९५ मध्ये ते समाधिस्थ झाले. त्यांच्या नावावर सदतीस अभंग आहेत आणि ते काशिबा गुरवाने लिहून ठेवले अशी परंपरा आहे. इतर संतांच्या पालख्या पंढरीस येतात; सावतोबांच्या पुण्यतिथीस मात्र देवाची पालखी अरणास जाते. मळा सोडून ते पंढरीस गेले नाहीत, म्हणून देव मळ्यात आला, ही कथा आपण सर्वांनी ऐकलेली आहे. ती सांगताना देव कोठे लपला ह्यावरच आम्हा कीर्तनकारांचा भर असतो. सावतोबा मळा सोडून का जाऊ शकत नव्हते, हे आम्ही फारसे सांगत नाही. ज्याने कधी कोथिंबिरीचा वाफा राखला आहे त्याला ते सांगावे लागत नाही. मोटेचे पाणी आज चुकले तर वाफा उद्या माना टाकतो. उसावर दोन दिवस निघतील, भाजीवर निघत नाहीत.

येथे एक गोष्ट जाता जाता. सावतोबांचा भाज्यांचा अभंग सर्वांच्या तोंडी आहे, म्हणून उतरून देत नाही. त्यात मिरचीचे नाव येते. कोणी चिकित्सक विचारतो की, मिरची तर मूळची अमेरिकेतील. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला, त्यानंतर पोर्तुगीजांच्या हातून ती इकडे आली. मग बाराशेपंचाण्णवात समाधी घेतलेल्या माळ्याच्या मळ्यात ती कशी? प्रश्न खरा आहे आणि तो विचारणाऱ्यास पाखंडी म्हणण्याचे कारण नाही. पाठ पुढे बदलला असावा असेच आम्हांस वाटते. गाणाऱ्याने आपल्या वाफ्यात जे होते ते नाव अभंगात घातले. त्यात सावतोबांचे काही उणे होत नाही. देव भाजीत पाहावयाचा तर तो आपल्या घरच्या भाजीत पाहावा, हे त्या गाणाऱ्यास बरोबर कळले होते.

आता अकोल्याकडे येऊ. आमच्या कीर्तनास नेमाने येणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. गुडघे गेले, वारी सुटली. वावर बटईने दिले आणि मुलाकडे शहरात तिसऱ्या मजल्यावर राहावयास आले. तेथे रिकामे हात त्यांना सोसवेनात. म्हणून त्यांनी सज्जात चार डबे मांडले आणि गावाहून स्वतःच्या वावरातली काळी माती पोत्यात भरून आणविली. महिन्याभराने ते आमच्याकडे आले ते चिडूनच. म्हणाले, “महाराज, बारा एकर वावर केलं म्या. मायी पऱ्हाटी कधी जयाली नाही. अन् ह्या डब्यातले चार वांग्याचे झाडं मरून रायले! माती तं आपल्याच वावरातली हाये.”

आम्ही म्हटले, “पाटील, म्हणूनच मेली.”

ह्याचा उलगडा नीट करावा लागेल, कारण शेत केलेला माणूसच कुंडीत आधी फसतो असे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील काळी माती खोल असते. पावसाळ्याचे पाणी ती पोटात साठविते आणि त्या ओलीवर रब्बीचा हरभरा एकही पाणी न देता निघतो. पऱ्हाटीची मुळी ओल शोधीत हात-दोन हात खाली जाते. शेतातील झाड असे आपल्या पायांवर उभे असते. मालक आठ दिवस गावाला गेला तरी त्याचे अडत नाही. कुंडीतील झाडास ती सोय नाही. त्याची मुळी वीतभर जाते आणि पत्र्याला अडते. खाली भूमी नाही, शेजारी पाट नाही. गच्चीच्या कोपऱ्यात किंवा सज्जाखाली ठेविले तर पाऊसही त्याच्यावर पडत नाही. त्याला पाणी एकाच ठिकाणाहून येते, ते म्हणजे तुमच्या हातून. शेतकरी आभाळाकडे पाहून वाट पाहण्यास शिकलेला असतो. कुंडीवाल्याने वाट पाहिली की झाड गेले.

दुसरे असे की, काळी माती पाणी पिऊन फुगते आणि सुकली की आकसते. वावरात तिला भेगा पडतात. डब्यात ती डब्याची कड सोडून आत सरकते. मग वरून घातलेले पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरते. बुडाच्या भोकातून धार लागली म्हणजे आपणास वाटते झाड पाणी प्याले; आत मुळाशी माती ठणठणीत कोरडी असते. ज्ञानेश्वरीच्या बाराव्या अध्यायात माऊलींनी, माळी नेईल तिकडे निमूट जाणाऱ्या पाण्याचा दृष्टांत दिला आहे. कुंडीतही पाण्याला असे न्यावे लागते. एकदम तांब्या उपडा करू नये. थोडे घालावे, माती भिजून फुगेपर्यंत थांबावे, मग पुन्हा घालावे. एवढ्यानेच अर्धी झाडे वाचतात.

मग वावरातली माती टाकून द्यावी काय? आम्ही त्या गृहस्थांना तसे सांगितले नाही, सांगवलेही नसते. माणूस बारा एकर मागे ठेवून येतो आणि एक पोते माती बरोबर आणतो, ते पोते टाका असे कोणत्या तोंडाने म्हणावे? माती राहू द्या, तिचे प्रमाण कमी करा, एवढेच म्हटले. एक घमेले माती, एक घमेले पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक घमेले धुतलेली जाड रेती. रेती जड वाटली तर तिच्या जागी बाजारात मिळणारा नारळाचा भुसा घ्यावा. तो पाणीही धरून ठेवतो. ह्यात ओंजळभर निंबोळी पेंड मिसळावी. मूठ भिजवून दाबली तर लाडू वळावा आणि बोट लावताच तो फुटावा, इतपत मिश्रण साधले म्हणजे झाले. शेणखत हिरवे, ताजे नसावे. ते आत तापते आणि कोवळी मुळी भाजते. शिवाय कोथिंबिरीसारखे जे आपण कच्चे खातो त्याला ताजे शेण लागलेले बरे नव्हे.

वराहमिहिराने सहाव्या शतकात लिहिलेल्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेद नावाचा एक अध्याय आहे. पाठशाळेत तो आम्हांस कोणी शिकविला नाही. ज्योतिषाचे अध्याय पाठ करताना मध्ये येई म्हणून वाचला. त्यात पहिली गोष्ट ही की मऊ भूमी सर्व झाडांना हितकर. त्या भूमीत आधी तीळ पेरावे आणि ते फुलावर आले की तेथेच तुडवून मातीत मिळवावे. आज कृषिपंडित ह्यास हिरवळीचे खत म्हणतात. कुंडीतही हे करता येते. वैशाखात भाजी होत नाही, तेव्हा रिकाम्या कुंडीत मूठभर मूग टाकावे, हातभर झाले की कापून त्याच मातीत गाडावे आणि मृगापर्यंत कुजू द्यावे. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदात कुणपजल नावाचे एक खत सांगितले आहे, ते प्राण्यांचे मांस-मज्जा उकळून करावयाचे असते. माळकऱ्याने ते पान उलटून पुढे जावे. गोमूत्र दहापट पाण्यात मिसळून पंधरा दिवसांनी एकदा मुळाशी घातले की आपले भागते.

भांड्यांविषयी फार लिहीत नाही. पालेभाजीस वीतभर खोली पुरते, रुंदी मात्र असावी. फुटके घमेले, जुने टब चालतात. मिरचीला दहा लिटरची बादली, वांगे आणि भेदरे ह्यांना तेलाचा पंधरा किलोचा डबा किंवा त्याहून मोठे. उन्हाळ्यातला माठ पाझरेनासा झाला की आपण तो कोपऱ्यात टाकतो. त्याचे तोंड फोडून रुंद केले की पुदिन्याचे उत्तम घर होते. प्रत्येक भांड्याच्या बुडाला करंगळी जाईल एवढी तीन-चार भोके पाहिजेत, आणि त्यांवर खापरीचा पालथा तुकडा. भोकावाचून कुंडी म्हणजे डबके. त्यात तुळससुद्धा मरते, आणि ती पाण्यावाचून मेली असे समजून लोक दुसरीस अधिक पाणी घालतात.

एका भांड्याविषयी मात्र हात जोडून सांगावयाचे आहे. फवारणीच्या औषधाचा डबा, कॅन किंवा पिंप कितीही धुतले तरी भाजीला वापरू नये, पाण्यालाही नाही. आमच्या वऱ्हाडात कपाशीमुळे अशी भांडी घरोघर पडलेली असतात आणि दिसावयास ती चांगली मजबूत असतात. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलो नसू. जे विष अंगावर उडून माणूस मरतो, त्याच्या डब्यात लेकरांसाठी सांभार पिकवावयाचा नाही. सिमेंटची गोणीही नको. धान्याची स्वच्छ गोणी दुमडून घ्यावी.

वजनाचाही विचार करावा. ओल्या मातीने भरलेला तेलाचा डबा २०-२५ किलोंचा होतो. सिमेंटच्या स्लॅबवर भिंतीच्या कडेने ठेवले तर हरकत नाही, पण खाली विटा द्याव्या, म्हणजे पाणी मुरत नाही आणि तापलेला स्लॅब मुळ्या भाजत नाही. जुन्या धाब्याच्या घरावर मात्र कुंड्या चढवूच नयेत. त्या घराने पुष्कळ पिढ्यांचा भार वाहिला आहे. त्याला आता अंगणातल्या कुंड्या शोभतात.

पाण्याचा प्रश्न अकोल्यात सर्वांत मोठा. शहरास पाणी महानच्या काटेपूर्णा धरणातून येते, आणि कित्येक भागांत नळ रोज येत नाही हे सांगणे नको. त्यातून अकोला, अमरावती, बुलढाणा ह्या जिल्ह्यांतला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. सुमारे नऊशे गावांच्या विहिरीचे पाणी खारे. वावरात पावसाळ्याचे पाणी थोडा तरी खार खाली नेते. कुंडीत मात्र पाणी उडून जाते आणि मीठ मागे राहते. दोन-तीन महिन्यांत मातीवर पांढरा पापुद्रा येतो, पानांच्या कडा करपतात. मालकाला वाटते पाणी कमी पडले, म्हणून तो तेच खारे पाणी अधिक घालतो. अशा गावी पावसाळ्यात पन्हाळीचे पाणी पिंपात धरून ठेवावे, आणि महिन्यातून एकदा त्याने कुंडी अशी भिजवावी की बुडातून पाणी भरपूर वाहून जाईल. मीठ त्याबरोबर जाते. खाऱ्या पाण्यास पालक पुष्कळ सोसतो. घेवडा आणि कांदा सोसत नाहीत. आता पाणी गाळण्याची यंत्रे घरोघर आली आहेत. त्यांच्या नळीतून जे टाकाऊ पाणी येते ते वाया जाऊ नये म्हणून लोक कुंडीला घालतात. हेतू चांगला, परंतु त्या पाण्यात गाळून काढलेला सगळा क्षार असतो. मूळ पाणी खारे असेल तर ते झाडाला देऊ नये, त्याने फरशी पुसावी. डाळ-तांदूळ धुतलेले, भाजी धुतलेले पाणी मात्र कुंडीचेच. साबणाचे नाही. पूजेचे तीर्थ तुळशीला जातेच, आणि निर्माल्यातली फुले दोरा काढून एका डब्यात मातीच्या थरांत कुजविली तर ते खत पुन्हा तुळशीलाच येते. नदीत निर्माल्य सोडून मोर्णेचे काय झाले ते आपण पुलावरून रोज पाहतो.

किती वेळा पाणी द्यावे? त्याच बृहत्संहितेत वराहमिहिर सांगतो : उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड, पावसाळ्यात माती सुकेल तेव्हा. तो लावलेल्या वृक्षांविषयी बोलत होता, पण हा नियम कुंडीला तंतोतंत लागू पडतो. ज्याला त्याहून सोपे हवे त्याने सकाळी बोट दोन पेरे मातीत खुपसावे. ओल लागली तर आज पाणी नको. कोरडे लागले तर आत्ताच.

ह्या “आत्ताच” शब्दावर आम्ही थोडे थांबणार आहो. शाकुंतल नाटकात कण्व मुनी आश्रमातील वृक्षांना शकुंतलेची ओळख करून देतात ती कशी? तर जी तुम्हांला पाणी पाजल्यावाचून आपण पाणी पीत नसे, ती ही. काव्याचे पंडित येथे शकुंतलेच्या कोमल हृदयाची वाखाणणी करतात. आम्हांस हृदयापेक्षा त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. तिने वेळ ठरविला नव्हता, संकल्प सोडला नव्हता. आपली तहान ही तिची घटिका होती. आपली तहान रोज लागते, म्हणून झाडाचे पाणी रोज आठवते. आमच्या येथे उलट चालते. गुढीपाडव्यास उत्साह येतो. माणूस रोपवाटिकेत जातो, वीस कुंड्या हातगाडीवर घालून आणतो, गच्ची हिरवीगार दिसते, शेजारी वाहवा करतात. आणि अकोल्याचा वैशाख काय आहे तो त्याला ठाऊक नसतो असे थोडेच आहे? २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ लावावे लागले, अशी ही भूमी. अक्षय्यतृतीयेला त्या वीस कुंड्यांत वीस काड्या उभ्या असतात. एका दिवसात हरिपाठाचे वीस पाठ करून पुढे महिनाभर न म्हणणारा आणि हा, दोघे एकाच पंथाचे. म्हणून नव्याने आरंभ करणाराने तुळशीखेरीज एकच कुंडी मांडावी. ती सहा महिने जगली तर दुसरी. आणि आरंभ पाडव्याला करू नये, दसऱ्याला करावा.

दसऱ्याला काय लावावे? आमच्या मते मेथी. दाणे रात्री भिजवून पेरावे, चौथ्या-पाचव्या दिवशी कोंब वर येतो. उगवलेले डोळ्यांनी दिसले की माणसाला धीर येतो. पंचवीस-तीस दिवसांत भाजी खुडता येते. मग सांभार, म्हणजे कोथिंबीर. धने अख्खे टाकले की उगवत नाहीत अशी तक्रार असते. धना हे एक दिसते तरी त्यात दोन बिया असतात. चपलेखाली किंवा लाटण्याने हलके रगडून दोन फोडी कराव्या, रात्रभर भिजवाव्या आणि अर्धा पेर खोल पेराव्या. आठ-दहा दिवस, थंडीत त्याहूनही अधिक लागतात. तोवर माती उकरून पाहू नये. दीड महिन्यात कापणीस येते. महाशिवरात्रीनंतर पेरलेला सांभार लगेच फुलावर जातो, त्याचा दोष बियाणेवाल्यास देऊ नये. पुदिन्याला बीच नको. बाजारातल्या जुडीतल्या चार जाड काड्या पाण्यात ठेवाव्या, मुळ्या फुटल्या की लावाव्या. त्याला स्वतंत्र भांडे द्यावे. तो पसरणारा आहे, शेजाऱ्याला जगू देत नाही. पालेभाजीस तीन-चार तासांचे ऊन पुरते. मिरची, वांगे, भेदरे ह्यांना सहा तास तरी हवे. मात्र उष्णता ३५ अंशांच्या पुढे सतत राहू लागली की भेदऱ्याचा फुलोरा गळतो. म्हणून त्याची रोपे नवरात्राच्या सुमारास लागली पाहिजेत. होळी झाली की कुंड्यांवर हिरवी जाळी किंवा जुने पातळ बांधावे, कुंड्या एकमेकींना खेटून ठेवाव्या, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर न्याव्या आणि मातीवर पालापाचोळा अंथरावा.

आपल्या व्रतांच्या तिथींशी ही लागवड किती जुळते पाहा. चातुर्मासात आपण वांगे खात नाही. चंपाषष्ठीला भरीत आणि रोडगे करून ते पुन्हा सुरू करतो. श्रावणात वांग्याचे बी टाकले, महिन्याने भाद्रपदात रोप डब्यात लावले, तर मार्गशीर्षाच्या सुमारास पहिली वांगी हाती येतात. कोणाला हा योगायोग वाटेल. आम्हांस तर व्रत घालणारे वांगी पिकविणारेही होते असे दिसते.

पण कुंडीवाल्यांचा खरा सण ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या श्रमाचे खावयाचे नाही असा नेम आहे. नांगरलेल्या वावरातले धान्य नाही, भाजी नाही. परसात माणसाच्या हाताने झालेले तेवढे चालते. शहरात राहणाऱ्या आमच्या भगिनी त्या दिवशी बाजारातून ऋषीची भाजी विकत आणतात. ती कोठे पिकली, त्या जमिनीत बैल चालला की ट्रॅक्टर, कोण विचारतो? कुंडीत मात्र बैल जाऊच शकत नाही. हा नेम अक्षरशः पाळावयाचा तर शहरात गच्चीवरच पाळता येईल. शिवाय वऱ्हाडास ह्या तिथीचे आणखी अगत्य आहे. शेगावच्या गजानन महाराजांनी ८ सप्टेंबर १९१० रोजी देह ठेविला ती ऋषिपंचमीच होती, आणि त्यांच्या नैवेद्यात अंबाडीची भाजी असते. अंबाडी कुंडीत उत्तम येते. आषाढी एकादशीपासून ऋषिपंचमीपर्यंत, अधिक महिना मध्ये न आल्यास, सुमारे चोपन्न दिवस मिळतात. तेवढ्यात अंबाडी खुडण्यास येते, लाल माठ दोनदा निघतो, भेंडीलाही पहिली फळे लागू शकतात.

किडीविषयी माळकरी माणूस संकोचाने विचारतो, कारण त्यात जीवहत्येची शंका असते. मावा दिसला तर सकाळी पाण्याची बारीक धार पानांच्या खालून मारावी. तो खाली पडतो. पिठ्या ढेकूण ओल्या फडक्याने पुसून काढावा. अळी दिसली तर काडीवर घेऊन दूर झुडपात सोडावी. एवढ्याने न भागले तर निंबोळीचा अर्क करावा. पन्नास ग्रॅम निंबोळ्यांचा गर कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर ठेवावा, सकाळी गाळून संध्याकाळी फवारावा. पाने कडू होतात म्हणून कीड खाणे सोडते. आमच्या मते ह्याला अहिंसेच्या दृष्टीने बाध नाही. तुळशीवर काहीच फवारू नये. तिच्या मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडून देवाला वाहाव्या, म्हणजे ती बियांत न जाता पानांत वाढते. द्वादशीस तेवढे खुडणे टाळावे. ज्यांना अधिक शिकावयाचे आहे त्यांनी अकोल्यातच, १९६९ साली स्थापन झालेल्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची शिवारफेरी निघते तीत एकदा जाऊन यावे. वारकऱ्यास फेरी कोणतीही असो, पायांना सवय असतेच.

आता ज्या प्रश्नासाठी हा लेख लिहावासा वाटला तो. कीर्तन आटोपल्यावर एक सासुरवाशीण बुक्का लावून घेताना म्हणाली, “महाराज, वारीले जातो म्हणलं तं कुंड्याईले पानी कोन घालन?” भोवतालच्या बायका हसल्या. आम्हांस हसू आले नाही. तुझा नेम मोठा की झाडाची तहान मोठी, असा हा प्रश्न आहे, आणि सावतोबांनी त्याचे एक उत्तर आपल्या आयुष्याने देऊन ठेविले आहे. पण ते उत्तर प्रत्येकाने उचलावे असे नाही. सावतोबा राहिले, पण त्यांच्याच काळी नामदेव गेले, आणि पंढरीने दोघांनाही आपले म्हटले. ज्याचे गुडघे गेले, ज्याच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, ज्याला सुटी नाही, त्याने राहावे आणि आपण काही गमावले असे मानू नये. सकाळी चूळ भरण्यापूर्वी चार डब्यांना पाणी घालणारे आमचे ते पाटील आता आषाढात पूर्वीसारखे खिन्न दिसत नाहीत. ह्या वर्षी त्यांनी मिरच्या आणून दिल्या, त्या नको इतक्या तिखट होत्या.

आणि ज्याला जाता येते त्याने जावे. शेगावची पालखी अकोल्यावरून जाते तिच्याबरोबर निघाले तर महिनाभर चालणे आहे. निघण्यापूर्वी आठ दिवस फळभाज्या काढून घ्याव्या. कुंड्या उघड्या गच्चीवर, पाऊस लागेल पण तिसऱ्या प्रहरचे ऊन लागणार नाही अशा कडेस एकत्र कराव्या. मोठ्या टबात एक मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे आणि झाकणी घालावी. ते आठवडाभर झिरपत राहते. लहान कुंड्यांसाठी बादली विटांवर उंच ठेवून तीतून जुन्या धोतराच्या जाड वाती कुंड्यांत सोडाव्या. आपल्या वऱ्हाडात कापसाला तोटा नाही. पण हे सारे चार-आठ दिवसांचे. मृगाचा पाऊस लांबला तर वात आणि मडके पुरत नाहीत, माणूसच लागतो. म्हणून शेजारणीला सांगावे. उपकार म्हणून नव्हे. मेथी, माठ, पुदिना जे तयार होईल ते तू खुडून ने, असे सांगून किल्ली द्यावी. ती वारीला गेलेली नसते, तरी तिच्या हातून रोज वारकऱ्याच्या तुळशीला पाणी पडते. त्या सासुरवाशिणीला आम्ही हेच सांगितले, आणि हेही की पंढरीहून परतल्यावर चुरमुऱ्याचा प्रसाद आणि बुक्का आपल्या देव्हाऱ्यात ठेवण्याआधी तिच्या दारी न्यावा. एखादी कुंडी वाळलेली निघाली तर तिला बोलू नये. रेल्वेने किंवा एस.टी.ने परतणाऱ्यास ऋषिपंचमीपर्यंत पन्नासएक दिवस असतात. माती उकरून मोकळी करावी, मूठभर खत मिसळावे आणि माठाचे चिमूटभर बी वरून भुरभुरावे.